आंब्याच्या भिरुडाला सुई कुठं द्यायची

गणपती होऊन पाऊस उघडला की बांधावरचे आंबे बुंध्यापासून फांद्यांच्या बेचक्यापर्यंत एकदा बघून घ्या. भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. तिचे भुंगेरे पहिल्या पावसाच्या सुमाराला बाहेर पडतात आणि सालीच्या भेगांत अंडी घालतात. ऑक्टोबरपर्यंत अळी खोडात चांगली मुरलेली असते. एक फांदी पिवळी पडून पानं गाळायला लागेपर्यंत थांबलात तर निम्मं काम तिनं उरकलेलं असतं.

खूण भुशाची. ताजा भुसा ओलसर, फिकट, करवतीखाली पडतो तसा. जुना काळा आणि कोरडा. शंका असेल तर सगळा झाडून टाका आणि दोन दिवसांनी या. जिथं पुन्हा भुसा दिसेल ते भोक चालू. नुसत्या डिंकावर जाऊ नका, डिंक इतर रोगांनीही येतो.

चालू भोकाभोवतीची मेलेली साल पटाशीनं काढा. जिवंत साल दुखवू नका. सायकलच्या ब्रेकच्या वायरीचं टोक वाकवून आकडा करा आणि भोकात फिरवत आत घाला. अळी बहुधा वरच्या बाजूला पोखरत जाते, म्हणून वायर वर वळवा. पूर्ण वाढलेली अळी बोटाएवढी जाड असते. आकड्याला पांढरट चिकट पाणी लागलं की काम झालं, औषधाची गरजही नाही.

अळी हाताला लागत नसेल तरच सुई. क्लोरपायरीफॉस 20 टक्के प्रवाही, लिटर पाण्याला 10 मिली. चार-पाच झाडांना 100 मिली पाण्यात 1 मिली पुरे; बादलीभर करून उरलेलं ओढ्यात ओतायचं काम नको. सिरिंजला वीतभर सलाईनची नळी जोडली की औषध आतपर्यंत पोचतं. भोकाच्या तोंडाशी सोडलेलं बाहेरच वाहून जातं, आणि बहुतेकांचं नेमकं इथंच चुकतं. एकाच बोगद्याला दोन-तीन भोकं असतात, म्हणून खालची आधी ओल्या मातीनं बुजवा, वरच्यातून 10-20 मिली सोडा, मग तेही शेण-चिकणमातीनं लिंपा. लिंपण तडकलं तर वाफ निघून जाते. पंधरा दिवसांनी बघा. नवा भुसा दिसला तर पुन्हा.

हातमोजे आणि चष्मा हवाच, वरच्या भोकातून औषध तोंडावर उडतं. ती सिरिंज परत गोठ्यात नेऊ नका, मोडून टाका. पूर्वी सगळे वापरायचे ते डायक्लोरव्हॉस 2020 च्या अखेरपासून बंद आहे, कपाटात जुनी बाटली असली तरी काढू नका. पेट्रोल ओतणं तर साफ चुकीचं, साल आणि तिच्या आतला जिवंत थर जळतो. औषधांचे नियम बदलत राहतात, तेव्हा घेण्याआधी होबळीच्या रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या कार्यालयात) विचारा. मोहोर फुटायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरअखेर, हे उरकायचं. झाडावर फळं असतील तर फक्त आकडा.

ड्रिलनं चांगल्या खोडाला भोक पाडून औषध भरायची पद्धत परदेशात रस्त्याकडेच्या झाडांना चालते. तिथं फळ खायचं नसतं. फळझाडात ते औषध रसाबरोबर वर चढतं आणि मोहोरावरच्या माशांपर्यंत जातं.

नारळाला तर ड्रिल लावूच नका. आंब्याची जखम सालीनं भरून येते, नारळाची कधीच नाही. ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, म्हणजे ज्याच्यासाठी सुई द्यायची त्यालाच बोलावणं. नारळाला कोळी ही बारीक कीड पडली असेल तर औषध मुळातून पाजा: पेन्सिलीएवढं जिवंत, तांबूस मूळ तिरकं कापा, 5 टक्के ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबाचं औषध) 7.5 मिली आणि तेवढंच पाणी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत भरून मुळाला बांधा. दुसऱ्या दिवशीही पिशवी भरलेलीच असेल तर मूळ मेलेलं आहे, दुसरं शोधा.

बेळगावच्या खानापूरकडं पाऊस जास्त, लिंपण धुऊन जातं. तिथं ते दोनदा करावं लागतं. भुंगेरे यायच्या आधी, मेअखेरीस, बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. आणि भिरूड लागलेली वाळकी फांदी तोडून बांधावर टाकून ठेवू नका. अळी त्यातच वाढते आणि भुंगेरा होऊन शेजारच्या झाडावर जातो.