रशियन भाषेतील अनियमित क्रियापदांची रूपे कशी शिकावीत

रशियन शिकू लागलेल्या माणसाला सुरुवातीला या भाषेतले प्रत्येक क्रियापदच अनियमित वाटते. हा समज आधी दूर करावा. वर्तमानकाळात क्रियापदाची पुरुष आणि वचनानुसार सहा रूपे होतात आणि ती दोन गणांत बसतात: पहिल्या गणात ‘तू’च्या रूपाच्या शेवटी ‘-एश’ किंवा ‘-योश’ येते, तर दुसऱ्यात ‘-इश’. या चौकटीत न बसणारी नेहमीच्या वापरातली क्रियापदे जेमतेम चार आहेत. (येथील रूपे रशियन लेखनाला धरून दिली आहेत, बोलताना आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेला ‘ओ’ हा ‘अ’सारखा ऐकू येतो. वहीत मात्र सर्व रूपे पहिल्या दिवसापासून रशियनच्या सिरिलिक लिपीतच लिहावीत.)

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक नव्या क्रियापदाची, मूळ रूपाबरोबर, ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ ही तीन रूपे एकदमच पाठ करणे. बहुतेक क्रियापदांची उरलेली तीन रूपे यांवरून आपोआप कळतात. नुसते मूळ रूप पाठ करणे हा माझ्या मते नवशिक्यांचा सर्वांत महागात पडणारा आळस आहे, कारण ‘पिसात्’ (लिहिणे) या रूपावरून ‘पिशू, पीशेश, पीशुत’ कोणालाही सुचणार नाही.

त्यानंतर व्यंजन कोठे बदलते ते पाहावे. ‘पिसात्’मधल्या ‘स’चा ‘श’ सहाही रूपांत टिकतो. दुसऱ्या गणात हा बदल फक्त ‘मी’च्या रूपात होतो: ‘वीदेत्’ (पाहणे) याचे ‘वीझू’, पण ‘वीदिश’, ‘ल्युबीत्’ (प्रेम करणे) याचे ‘ल्युब्ल्यू’, पण ‘ल्यूबिश’. ‘मोच’ (शकणे) याच्या दोन्ही टोकांना ‘ग’ आणि मधल्या चार रूपांत ‘झ’ येतो: ‘मोगू, मोझेश, मोगुत’. आघातही याच वेळी लक्षात ठेवावा. तो सरकत असेल, तर साधारणपणे ‘मी’च्या रूपात प्रत्ययावर असतो आणि ‘तू’पासून पुढे मागे धातूवर येतो.

आता ती चार क्रियापदे. यांची सहाही रूपे मोठ्याने म्हणून पाठ करण्यास पर्याय नाही. ‘खोतेत्’ (हवे असणे) एकवचनात पहिल्या गणाचे आणि अनेकवचनात दुसऱ्या गणाचे आहे: खोचू, खोचेश, खोचेत, खोतीम, खोतीते, खोत्यात. ‘बेझात्’ (धावणे) याची रूपे ‘बेगू, बेझीश’ अशी दुसऱ्या गणाप्रमाणे चालतात आणि ‘ते’साठी मात्र ‘बेगूत’ होते. उरलेली दोन, ‘दात्’ (देणे) आणि ‘येस्त्’ (खाणे), फार जुनी आहेत: दाम, दाश, दास्त, दादीम, दादीते, दादूत, येम, येश, येस्त, येदीम, येदीते, येद्यात. संस्कृतचा थोडा परिचय असलेल्या वाचकाला ‘दाम’च्या शेजारी ‘ददामि’ आणि ‘येम’च्या शेजारी ‘अद्मि’ ठेवता येईल. शेवटचा ‘म’ हा त्याच प्राचीन ‘-मि’ प्रत्ययाचा अवशेष आहे आणि अनेकवचनात डोकावणारा ‘द’ही त्याच काळचा. एवढे समजले की ही रूपे विक्षिप्त वाटत नाहीत. फक्त ‘दाम’चा अर्थ ‘मी देतो’ नसून ‘मी देईन’ असा आहे, कारण ‘दात्’ हे पूर्णत्वदर्शक, म्हणजे क्रिया पूर्ण होणे दाखवणारे, क्रियापद आहे आणि अशा क्रियापदांची ही रूपे भविष्यकाळाची असतात.

या श्रमाचे फळ उपसर्गांमुळे अनेक पटींनी मिळते. ‘दात्’ येत असेल तर ‘प्रोदात्’ (विकणे) आणि ‘पेरेदात्’ (सुपूर्द करणे) तशीच चालतात, आणि ‘मोच’वरून ‘पोमोच’ (मदत करणे).

भूतकाळ मराठी माणसाला जवळचा वाटतो. तेथे पुरुष नाही, तर लिंग आणि वचन पाहिले जाते आणि प्रत्ययही ‘ल’चाच आहे. ‘इद्ती’ (जाणे) याचा भूतकाळ ‘शोल, श्ला, श्लो, श्ली’ हा मूळ रूपापासून पूर्ण तुटलेला असला, तरी ‘जा’वरून ‘गेला’ म्हणणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये. सावध राहायचे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. रशियनमध्ये ‘-ला’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय आहे: ‘ओन पील’ म्हणजे ‘तो प्याला’ आणि ‘ओना पीला’ म्हणजे ‘ती प्याली’. भूतकाळाचा सराव म्हणूनच नेहमी सर्वनामासह, ‘ओन’ आणि ‘ओना’ची वाक्ये जोडीने म्हणत करावा.