गाडी समोर, किल्ली डोंगरात

रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी मी डोंगरातल्या पळण्याच्या शर्यतीची शेवटची कमान ओलांडली. ८० किलोमीटर, ४,००० मीटर चढ, २० तास २० मिनिटं. गाडी कमानीपासून शंभर पावलांवर होती, आदल्या दिवशी मीच तिथे लावलेली. आत कोरडे कपडे, चपला, पांघरूण, सगळं रचून ठेवलेलं. किल्ली मात्र ४६ व्या किलोमीटरवरच्या ड्रॉप बॅगेत, म्हणजे आपण भरून दिलेली आणि आयोजकांनी मधल्या थांब्यावर नेऊन ठेवलेली पिशवी, तिच्यात होती, आणि त्या बॅगा सकाळी नऊनंतर खाली येणार होत्या. स्वतःच्याच गाडीच्या काचेतून स्वतःचं पांघरूण बघत मी थंडीने कुडकुडत उभी होते. एका स्वयंसेवकाला दया आली आणि त्याने मला स्वयंपाकाच्या तंबूत शेगडीजवळ जागा करून दिली.

गोल फिरून परत येणाऱ्या शर्यतीत असल्या चुका खपून जातात, कारण तुम्ही निघालात तिथेच परत येता. एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणाऱ्या शर्यतीत मागे राहिलं ते मागेच राहिलं. म्हणून अशा शर्यतीची तयारी मी आता शेवटाकडून सुरुवातीकडे करते. पहिल्यांदा उतरणार असाल तर तुम्हीही तसंच करून बघा.

पहिला प्रश्न, संपल्यावर तुम्ही कुठे असाल आणि तिथून कसे निघाल? डोंगरातून ८० किलोमीटर म्हणजे रस्त्याने वळसा घालून त्याच्या दुप्पटही असू शकतं. गाडी शेवटाला लावा आणि आयोजकांच्या बसने सुरुवातीला जा. ही बस बहुधा अपरात्री सुटते, तेव्हा झोप आदल्या रात्रीची धरूच नका, त्याच्या आधीच्या दोन रात्री भरपूर झोपा. बसमध्ये अंगावर जुना स्वेटर ठेवा आणि सुरुवातीला तो शेवटाकडे जाणाऱ्या पिशवीत टाका. सुरुवातीला पोचल्या पोचल्या आधी शौचालयाची रांग गाठा, फोटो नंतर. किल्ली पाठीवरच्या व्हेस्टच्या आतल्या खिशात, क्लिपला अडकवून. आणि परतताना गाडी कोण चालवणार हे आधीच ठरवा. रात्रभर पळालेल्या माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये. मी एकदा लावला होता आणि सिग्नलला उभ्या उभ्या झोपले होते.

दुसरं काम वेळापत्रकाचं. नुसते किलोमीटर बघून डोंगरात काही कळत नाही. डोंगरवाटांवर पळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय ट्रेल संघटना वापरते तो हिशेब सोपा आहे: १०० मीटर चढ म्हणजे आणखी १ किलोमीटर. आमच्या ८० किलोमीटरला ४,००० मीटर चढ, म्हणजे १२० धरायचे. सरावात असा एक किलोमीटर मला साधारण नऊ मिनिटांत जमत होता. थांबे, खाणं, रात्र धरून मी दहा मिनिटं घेतली, म्हणजे २० तास. लागले त्याहून वीस मिनिटं जास्त, एवढं जवळचं उत्तर. पडताळा हवा असेल तर नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ मधला नियम आहे: दर ३ मैलांना एक तास आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि १,१०० मीटर चढाच्या टप्प्याला माझ्या हिशेबाने तीन तास पन्नास मिनिटं येतात, नेस्मिथच्या हिशेबाने सव्वाचार तास. नियम चालणाऱ्यांसाठी आहे खरा, पण पन्नास किलोमीटरनंतर अंधारात चढताना आपण चालणारेच असतो.

हे आकडे एका कार्डावर लिहून वर पारदर्शक टेप लावा, घामाने शाई पसरते. टप्प्याचं नाव, माझी वेळ, कट-ऑफ (त्या टप्प्याची शेवटची मुदत, ती चुकली की शर्यतीतून बाद), इतकंच. पण कट-ऑफ म्हणजे नेमकं काय ते नियमात शोधा: एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या खाण्यापाण्याच्या आणि मदतीच्या थांब्याला, पोचायची वेळ की तिथून निघायची? हा फरक मला पहिल्या वर्षी कळला, आणि तोही असा.

त्या वर्षी ४६ व्या किलोमीटरचा कट-ऑफ रात्री आठचा होता. मी संध्याकाळी सहाला तिथे पोचेन असं धरलं होतं, म्हणून हेडलॅम्प तिथल्याच ड्रॉप बॅगेत ठेवला. पाठीवर तेवढंच वजन कमी. नियमाप्रमाणेही दिवा त्या ठिकाणापासून पुढेच सक्तीचा होता. उन्हाने आणि एका फसव्या चढाने मला उशीर झाला आणि सूर्य बुडाला तेव्हा चार किलोमीटर उरले होते. वाट उताराची, दोन्ही बाजूंना कारवी, खाली सुटे दगड. फोनचा दिवा एका हातात, दुसरा हात झुडपांना धरत. फोनचा प्रकाश सपाट पडतो, दगडाची सावलीच दिसत नाही, त्यामुळे दगड आहे की खड्डा हे पाय ठेवल्यावर कळतं. त्या चार किलोमीटरला मला सव्वा तास लागला. सात त्रेपन्नला मी तंबूत शिरले, वेळेत पोचले म्हणून खुशीत खुर्चीवर बसले आणि मोजे बदलायला घेतले. मैत्रीण ओरडत होती, "अगं, ऊठ आधी, बाहेर जाऊन घाल!" मला वाटलं ती उगाच घाई करते आहे. एका पायात मोजा, एक पाय उघडा, अशी असताना समोर एक काका आले आणि हळूच म्हणाले, "ताई, आठ वाजले. नंबर द्या." कट-ऑफ निघण्याचा होता, आणि छातीवरचा नंबर काढून दिला की शर्यत संपली.

आता ड्रॉप बॅगेसाठी माझा एकच प्रश्न असतो: या ठिकाणी मी ठरल्यापेक्षा तीन तास उशिरा पोचले तर ही वस्तू नसल्याने काय होईल? गैरसोय होणार असेल तर वस्तू बॅगेत जाते: सुके मोजे, दुसरा टी-शर्ट, जास्तीचे जेल (पळता पळता खायची गोड पाकिटं), बॅटऱ्या, व्हॅसलीन. धोका होणार असेल तर ती पहिल्या पावलापासून पाठीवर. दिवा, पाऊस आणि वारा अडवणारं जॅकेट, चंदेरी ब्लँकेट, शिट्टी, भरलेला फोन. हा अतिरेक वाटत असेल तर चीनमधल्या गान्सू प्रांतातली २२ मे २०२१ ची १०० किलोमीटरची शर्यत आठवा. डोंगरावर अचानक पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा आला. १७२ जण निघाले होते, २१ जण थंडीने गेले, त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. वारा अडवणारं जॅकेट तिथे सक्तीच्या यादीत नव्हतं, आणि कित्येकांनी ते पुढच्या टप्प्यावरच्या बॅगेत ठेवलं होतं.

हवामान बघताना सुरुवात, शेवट आणि मधली सर्वांत उंच खिंड, असं तीन ठिकाणचं बघा. दर १,००० मीटरला तापमान ढोबळ मानाने साडेसहा अंशांनी उतरतं. खाली १८ असेल तर दीड हजार मीटर वर ८ च्या आसपास, आणि त्यात वारा. हातमोजे खिंडीच्या आधी घाला. बोटं बधिर झाल्यावर जेलचं पाकीटही फाडता येत नाही.

आता पायांकडे. अशा बऱ्याच शर्यतींत उतार चढापेक्षा जास्त असतो, आणि ते ऐकून नवखे खूश होतात. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत घ्या. मुळात ती १०० मैलांची घोड्यांची वाट. १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा गडी त्या घोड्यांच्या शर्यतीत घोड्याशिवाय उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला, तिथून पायी शर्यत सुरू झाली. या वाटेवर चढ १८,००० फुटांवर आणि उतार जवळपास २३,०००. चढताना दम लागतो, थांबलं की परत येतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलत असतात, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, आणि त्यांत बारीक बारीक इजा साठत जाते. ती थांबून भरून येत नाही. साठाव्या किलोमीटरवर माणसं उतार उलट्या पावलांनी उतरताना मी पाहिली आहेत.

यावर औषध एकच, उताराचा सराव. चालत चढा आणि पळत उतरा, आठवड्यातून एकदा, हळूहळू वाढवत. शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी एक लांबलचक उतार मुद्दाम पळा, दोन दिवस जिन्यावर रडायला होईल असा. एकदा अशी ठसठस सोसलेले स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच माराने कमी दुखावतात. त्यानंतर मात्र पाय वाचवा. उतरताना पावलं आखूड आणि भराभर, टाच रोवून ब्रेक मारायचा नाही, नजर पायाखाली न ठेवता तीन-चार मीटर पुढे, कोपरं थोडी बाहेर. घसाऱ्यावर अंग मागे झुकवलं की बूड आपटलंच म्हणून समजा. दगड हलणार हे धरून चाला आणि तो हलायच्या आत पाय उचला.

चढ चालायचे, पहिल्यापासून. सकाळी ताज्या पायांनी सगळे पळत सुटतात, तेव्हा चालायला लाज वाटते, पण पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही रात्रीची शिदोरी सकाळीच संपवता आहात. काठ्या वापरणार असाल तर सरावातही वापरा, नाहीतर खांदे दुखतील. आणि लोकांच्या गर्दीत त्यांची टोकं खाली ठेवा, मागच्याच्या गुडघ्यात नकोत.

आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण अल्ट्रावाल्यांना, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पळणाऱ्यांना, शब्दशः लागू आहे. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, पोटाला सवय केली असेल तर ९० पर्यंत. भूक लागायची वाट बघू नका, घड्याळ दर पंचवीस मिनिटांनी वाजू द्या आणि वाजलं की काहीतरी तोंडात टाका. सातआठ तासांनी गोडाचा वीट येतो, तेव्हा मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि गरम सूप. पाणी तहानेप्रमाणे. थकवा आला म्हणून लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात, आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीत घेऊ नका, आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर त्या आणखी भार टाकतात. उलटी झाली तर घाबरू नका. दहा मिनिटं चालत राहा, मानेवर गार पाणी टाका, घोट घोट प्या, मग एखादा बटाट्याचा तुकडा. सगळ्या उलट्यांना शर्यत सोडावी लागत नाही.

पायाला कुठे चुरचुरलं की तिथेच थांबून खडा काढा, टेप लावा. दोन मिनिटं जातात. पुढच्या स्टेशनला बघू म्हणणाऱ्याचा फोड त्या स्टेशनला फुटलेला असतो.

रात्री वाट चुकणं सोपं असतं. पाच मिनिटांत खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपाशी परत जा, अंदाजाने पुढे जाऊ नका. शर्यतीचा मार्ग घड्याळात किंवा फोनमध्ये आधीच भरून ठेवा, डोंगरात नेटवर्क नसतं. पहाटे तीन-चारच्या सुमारास दगडांना कान फुटतात, झुडपं माणसांसारखी उभी राहतात. मला एकदा वाटेत कपाट दिसलं होतं, दारासकट. असं झालं की पुढच्या स्टेशनला दहा मिनिटांचा गजर लावून डोळे मिटा.

आणि सोडायची वेळ आली तर? या प्रकारच्या शर्यतीत सोडून देणं हेही एक काम असतं. मधल्या वाटेवर बसू नका आणि जवळचं गाव दिसतं म्हणून अनोळखी घळीतून खाली उतरू नका. शक्य असेल तर स्टेशनपर्यंत चालत या, नंबर द्या, यादीत नाव खोडलं गेल्याची खात्री करा. एकदा एकजण कोणाला न सांगता मित्राच्या गाडीतून निघून गेला आणि आठ स्वयंसेवक पहाटेपर्यंत दरीत त्याला शोधत राहिले. जायबंदी असाल आणि हलता येत नसेल तर सगळे कपडे घाला, ब्लँकेट गुंडाळा, शिट्टी वाजवा, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप द्या. स्टेशनवरून खाली नेणारी गाडी लगेच मिळेल असंही धरू नका. त्या पहिल्या वर्षी एका पायात मोजा घालून मी साडेतीन तास गाडीची वाट बघत बसले होते, आणि तेव्हा अंगात होतं ते जॅकेट मी सकाळी वजन वाचवायला घरीच ठेवणार होते.

किल्लीचं सांगायचं राहिलं. बॅगा नऊला येणार होत्या, आल्या पावणेअकराला. तोवर मी शेगडीजवळ बसून चार कप सूप प्यायले आणि बाकावर आडवी होऊन झोपले. बॅग उघडली तर किल्ली वरच होती, सुक्या मोज्यांत गुंडाळलेली. ४६ व्या किलोमीटरला मोजे बदलायचेच नाहीत असं मी ठरवलं होतं, त्यामुळे बॅगेत हातच घातला नव्हता.