पोलॉकचं चित्र वाचायला शिका, काकवीच्या धारेपासून

आधी अर्धी वाटी काकवी घ्या. काकवी नसेल तर मध चालेल, पण काकवीची धार गडद असते आणि स्टीलच्या परातीत उठून दिसते. एक चमचा, एक परात, हात पुसायला फडकं. रंग, ब्रश काही नको, ते नंतर.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराचं नाव मला निवृत्तीनंतर कळलं. लेक न्यू जर्सीला असते. तिने मॅनहॅटनमधल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नेलं आणि १९५० सालच्या ‘वन: नंबर ३१’ या चित्रासमोर उभं केलं. जवळजवळ नऊ फूट उंच आणि सव्वासतरा फुटांहून जास्त रुंद. पहिली वीस मिनिटं मी सगळे करतात तेच केलं, आकार शोधले. झाड दिसतंय का, घोडा दिसतोय का. काही सापडेना, डोळे दमले. मग नजर एका काळ्या रेघेवर अडकली. ती सरळ जाताना बारीक होती आणि वळणावर जाड. ती रेघ मी ओळखत होते! लहानपणी गुऱ्हाळावर कढईतून पळी वर काढली की काकवीची धार अशीच पडायची. तेव्हापासून दर मे महिन्यात अंगणात मुलांना घेऊन मी हा प्रयोग करते.

चमचा भरून परातीपासून वीतभर वर धरा आणि हात अजिबात हलवू नका. धार खाली टेकल्यावर सरळ उभी राहत नाही, स्वतःभोवती वेटोळी घालते, छोट्या जिलबीसारखी. दाट पातळ पदार्थाची बारीक धार खाली अडली की ती वाकते, आणि मागून येणारा पाक तिला फिरवत ठेवतो. आता हात हळूहळू एका रेषेत सरकवा. वेटोळ्यांची माळ पडेल. वेग थोडा वाढवा, माळेची नागमोडी होईल. आणखी वाढवला की एका क्षणी नागमोड नाहीशी होते आणि स्वच्छ सरळ रेघ पडते. तो क्षण पकडा. पाच-सहा वेळा करा, हाताला तो वेग कळायला लागतो. मग उंची दुप्पट करून बघा. मग काकवीत चमचाभर पाणी घालून बघा, धार तुटून थेंब होतात. वळणावर काय होतं तेही बघा: हात मंदावतो, तेवढ्याच लांबीत जास्त पाक पडतो, रेघ फुगते.

पोलॉकची रेघ वाचायची तर एवढंच हवं: हाताचा वेग, उंची, रंगाचा दाटपणा. २०११ साली आंद्झेई हेर्चिन्स्की, क्लॉड चेर्नुस्की आणि एल. महादेवन या संशोधकांनी याच दृष्टीने त्याची चित्रं तपासली. काही ठिकाणी त्यांना वेटोळ्यांच्या खुणाही दिसल्या. २०१९ मध्ये रॉबेर्तो सेनित आणि सहकाऱ्यांनी पोलॉकच्या जुन्या चित्रफितीवरून त्याच्या हाताचा वेग आणि उंची मोजली आणि प्रयोगशाळेत तशीच धार सोडून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेक वेळा तो वेटोळी पडणार नाहीत इतक्या वेगाने हात फिरवत होता. म्हणजे तुम्ही परातीवर आत्ता जो क्षण पकडलात, त्याच्या पलीकडे तो सतत राहत होता, तासन्‌तास, खांद्यापासून हात फिरवत. ‘हे तर कुणीही करेल’ म्हणणाऱ्याला मी आधी चमचा हातात देते.

आता रंगाकडे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ऑइलपेंट आणा. पोलॉकही घरं, गाड्या रंगवायचा एनॅमल आणि अॅल्युमिनियमचा रुपेरी रंग वापरायचा, कारण तो नळीतल्या तैलरंगापेक्षा पातळ असतो आणि अखंड धार धरतो. कॅनव्हास म्हणून जुन्या फ्लेक्स बॅनरची उलटी बाजू उत्तम. काड्या खराट्याच्या, किंवा वाळून कडक झालेला ब्रश. काम अंगणातच करा, टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत नको.

बॅनर जमिनीवर पसरा आणि चारी बाजूंनी फिरा. पोलॉकने १९४५ मध्ये पत्नी ली क्रॅस्नरबरोबर लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज गावी घर घेतलं. ती स्वतः पक्की चित्रकार होती, हे विसरू नका. तिथल्या गोठ्यासारख्या लाकडी कोठाराच्या जमिनीवर तो कापड अंथरायचा. जमिनीवर आपण चित्राच्या आत असतो असं तो सांगायचा आणि अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी लोकांच्या वाळूचित्रांचा दाखला द्यायचा. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नावाहो कलाकारांनी अशी चित्रं लोकांसमोर काढली होती. बोटांतून रंगीत वाळू सोडायची, आजाऱ्याला बरं करायच्या विधीसाठी, आणि विधी झाला की मोडून टाकायची. दारात रोज चिमटीने रांगोळी सोडणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. हात जमिनीला टेकत नाही, रेघ हवेतूनच येते.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली. मुलांना चार रंग एकदम दिले. रंगपंचमी झाली आणि तासाभरात सगळा चिखल, कारण ओल्यावर ओला रंग पडून मिसळला. आता मी एका दिवशी एकच रंग देते. पहिला काळा. तो वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पांढरा, मग तपकिरी. न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या पोलॉकच्या ‘ऑटम ऱ्हिदम’ची सुरुवातही काळ्या रंगानेच झाली होती. पोलॉक काही जागी ओल्यात ओला रंग मुद्दाम सोडतो, पण तिथे कडा जवळून बघा: एक रंग दुसऱ्यात पिसासारखा शिरलेला असतो. वाळलेल्यावर पडलेला रंग वर उठून राहतो, बोटाला लागेल असा. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, हे त्यावरून लावता येतं.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक काम. वाळलेल्या चित्राचा फोटो छापा आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर चार सेंटिमीटरचे चौकोन आखून वर ठेवा. किती चौकोनांत रंग आहे ते मोजा. मग दोन सेंटिमीटरचे, मग एकाचे. यावरून मिती काढायची, म्हणजे रेघा जागा किती भरतात याचा आकडा. बाजू निम्मी केल्यावर संख्या दुप्पट झाली तर ती साधी रेघ, मिती १. चौपट झाली तर भरलेला कागद, मिती २. तिप्पट झाली तर साधारण १.५८. रिचर्ड टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की पोलॉकच्या धारांच्या सुरुवातीच्या चित्रांत हा आकडा १ च्या जवळ आहे आणि १९५२ पर्यंत १.७ च्या आसपास पोचतो. २००६ मध्ये कॅथरीन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला: हाताने काढलेल्या साध्या चांदण्यांची रेखाटनंसुद्धा त्या कसोट्यांवर उतरतात. मी मुलांना दोन्ही सांगते. या आकड्यावरून चित्र खरं की नकली ठरवावं, असं मला वाटत नाही. पण चौकोन मोजताना मूल चित्राकडे तासभर बघतं, तेवढ्यासाठी तरी हे कराच.

एवढं झालं की पोलॉकचा हात दुसऱ्या कलाकारांपर्यंत कुठे पोचला ते ओळखता येतं. प्रत्येकाने वेगळी गोष्ट उचलली. चित्रकार हेलन फ्रँकेंथेलरने जमिनीवरचं कापड घेतलं, पण रंग इतका पातळ केला की १९५२ मध्ये तो कापडात मुरलाच. जपानच्या गुताई या कलाकारांच्या गटातला काझुओ शिरागा पायांनी रंगवू लागला. अमेरिकन कलाकार अॅलन कॅप्रोने १९५८ मध्ये लिहिलं की चित्रातून आता सरळ जगण्यात उतरायचं, आणि पुढच्याच वर्षी प्रेक्षकांना सामील करून घेणारे ‘हॅपनिंग’ सुरू केले. जाझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९६१ च्या ‘फ्री जाझ’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर पोलॉकचं ‘व्हाइट लाइट’ हे चित्र आहे. ती ध्वनिमुद्रिका ऐकताना एकच वाद्य धरून ठेवा, रेघ धरली तशी. आठ वादकांच्या गर्दीत ते बुडतं, पुन्हा वर येतं.

म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गेलात, किंवा पडद्यावर मोठं करून बघत असलात, तर पोलॉकच्या ‘नंबर १ए, १९४८’च्या वरच्या उजव्या कोपऱ्याशी थांबा. तिथे त्याच्या हाताचे ठसे आहेत. मी माझा पंजा हवेत त्यांच्यासमोर धरला. पहारेकरी जवळ आला, मी हात खाली घेतला. त्याच चित्रातला फिरोजा निळा रंग कुठला हे अलीकडे, २०२५ मध्ये, रासायनिक तपासणीतून पक्कं झालं: मँगनीज ब्लू.

आणि तिथवर गेलातच तर जॅनेट सोबेलचं ‘मिल्की वे’ विचारा. युक्रेनमध्ये जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये संसार करणारी आजी. तिने हे चित्र १९४५ मध्ये केलं, पोलॉकच्या धारा १९४७ पासूनच्या. त्याने तिची चित्रं पाहिली होती. चित्र लहान आहे, उंची पावणेचार फूट. नाक काचेला लावल्यासारखे जवळ उभे राहा आणि एक धार निवडा: ती किती उंचीवरून पडली, रंग दाट होता की पातळ, हात मनगटातून फिरला की खांद्यातून.