आई-वडिलांची नजर आणि ऐकणं घरी तपासताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी मी बाबांसमोर अक्षरांचा तक्ता लावला. खालून दुसरी ओळ त्यांनी घडाघडा वाचली आणि आम्ही दोघंही खूश झालो. काही महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू बराच पिकलाय. तक्ता एकट्या डाव्या डोळ्याने वाचला होता. एकेक डोळा झाकून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

घरच्या तपासणीतल्या बहुतेक चुकांचा परिणाम असाच होतो: माणूस 'पास' होतो. आपल्याला चांगलंच ऐकायचं असतं आणि त्यांना कुणावर अवलंबून असल्याचं दाखवायचं नसतं. म्हणून चूक कुठे होते ते आधी माहीत हवं.

डोळे तपासताना

एका वेळी एकच डोळा, आणि कमजोर वाटतो तो आधी. चांगल्या डोळ्याने आधी वाचलं की ओळी पाठ होतात, मग दुसरा डोळा आठवणीवर वाचतो. डोळा बोटांनी झाकू नका, फटीतून दिसतं. तळहात खोलगट करून ठेवा. बुबुळावर दाब आला तर हात काढल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं आणि त्या डोळ्याचा निकाल चुकतो.

लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच तपासा. आपल्याला कळायला हवं ते रोजच्या चष्म्यातून काय दिसतं हे.

तक्ता घरी छापला असेल तर पट्टी घ्या. छापताना पान आपोआप लहान-मोठं होतं आणि सगळं गणित बिघडतं. ओळीजवळचे ६/६० सारखे आकडे म्हणजे चांगल्या नजरेला ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं. ३ मीटरवरून वाचायच्या तक्त्यात ६/६० चं सर्वांत मोठं अक्षर साधारण ४४ मिलिमीटर उंच असायला हवं, ६ मीटरच्या तक्त्यात त्याच्या दुप्पट. अंतरही टेपने मोजा. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये हा तक्ता आणला तेव्हापासून तो अक्षराची उंची आणि अंतर यांच्या मेळावरच चालतो.

अंधूक खोलीची चूक मात्र उलट्या दिशेने जाते, माणूस उगाच 'नापास' होतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तक्त्यावर भरपूर उजेड हवा, पण खिडकी त्यांच्या डोळ्यांसमोर नको.

चष्मा लावूनही ६/१२ ची ओळ वाचता येत नसेल किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक पडत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. आणि शेवटची ओळ वाचली म्हणून निर्धास्त होऊ नका. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. तो तक्त्यावर कळत नाही. त्यासाठी डोळ्याचा दाब आणि मागची नस डॉक्टरांनीच बघायला हवी.

पडद्याच्या मध्यभागासाठी ॲम्सलरची जाळी वापरतात: १० सेंटिमीटरचा चौकोन, ५ मिलिमीटरची घरं, मधे ठिपका. ती लांबच्या चष्म्याने बघणं ही नेहमीची चूक. वाचायचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटरवरून, एकेका डोळ्याने फक्त ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या किंवा घरं गायब वाटली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

कान तपासताना

समोर उभं राहून "ऐकू येतंय ना?" विचारलं की उत्तर 'हो'च येतं. ओठ दिसतात, प्रश्न ओळखीचा असतो. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज कमी होतात. स, श, फ, ख हे तिथलेच. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात आणि 'साठ'चं 'आठ' होतं. "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" ही तक्रार म्हणूनच खरी असते. तिला विसरभोळेपणा किंवा हट्ट म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

कुजबुज चाचणी अशी करा: त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. जो कान आत्ता तपासत नाही, त्याच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा त्यांना बोटाने दाबून हळू चोळत राहायला सांगा. पूर्ण श्वास सोडा आणि मगच 'सात, क, दोन' असं काहीतरी कुजबुजा. चुकलं तर नवे आकडे-अक्षरं घेऊन पुन्हा एकदा. दोन्ही वेळचे मिळून सहापैकी तीनही ओळखता आले नाहीत, तर ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणतपासणी, करून घ्या. श्वास न सोडता कुजबुजलं की नकळत आवाज चढतो आणि चाचणी फुकट जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणलेल्या मोफत ॲपमध्ये गोंगाटातून तीन-तीन आकडे ओळखायचे असतात. ते स्पीकरवर लावू नका, इअरफोन हवा.

ऐकू कमी येतंय म्हणून कापसाच्या काडीने कान कोरू नका. मळ आणखी आत ढकलला जातो. श्रवणयंत्र असेल तर आधी बॅटरी आणि टोकाला अडकलेला मळ बघा.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं झालं, एकदम ठिपके किंवा चमका दिसू लागल्या, तर घरी काहीही तपासत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकी वेळी वहीत 'बरं दिसतं, बरं ऐकू येतं' असं लिहू नका. तारीख, कोणता डोळा, कोणती ओळ, कोणता चष्मा. कोणता कान, सहापैकी किती. डॉक्टरांकडे जाताना तीच वही सोबत न्या.