फायरमन व्हायचंय? आधी सर्टिफिकेट कुणाचं आहे ते बघा

दर महिन्याला दोन-तीन पोरांचे मेसेज येतात. ‘दादा, अमुक महापालिकेत फायरमनच्या जागा निघाल्यात, फॉर्म भरू का?’ मी उलट एकच विचारतो, कोर्स कुठनं केलास? त्यावरचं उत्तर वाचून निम्म्या वेळा माझ्याच पोटात गोळा येतो. तेच उत्तर मी २०२२ साली कागदपत्र पडताळणीच्या टेबलासमोर उभा राहून दिलं होतं.

भरतीला मैदानी असते, लेखी असते, एमएस-सीआयटी लागतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. ते कुठंही मिळतं.

मी प्रयाग चिखलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं काय केलं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आम्ही गावातली पोरं माळ्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोटीत उतरवत होतो. जोश लई होता, अक्कल नव्हती. एका आजीला उतरवताना बोटीचा दोर मी मनगटाला गुंडाळून धरला होता. बोटीतला जवान असा ओरडला की पाण्याच्या आवाजातही ऐकू आलं, ‘हाथ से निकाल पहले!’ बोटीला हिसका बसला असता तर मनगट गेलं असतं, हे नंतर डोक्यात शिरलं. त्याच आठवड्यात ठरवलं, हे काम नीट शिकायचं.

आणि नीट शिकायचं म्हणून मी काय केलं, तर बसस्टँडजवळचा एक बोर्ड बघितला. ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा. १००% जॉब. शासकीय भरतीस पात्र.’ पहिल्या मजल्यावर एसी ऑफिस, भिंतीवर हेल्मेट घातलेल्या पोरांचे फोटो. फी साठ हजार. वडिलांनी उसाच्या बिलातनं दोन हप्त्यांत भरली. वर्षभर वर्ग झाले, नोट्स मिळाल्या. आगीचे प्रकार, एक्स्टिंग्विशरचे रंग, सगळं पाठ. मागच्या मोकळ्या जागेत एक पंप होता. तो चालू झालेला मी कधी बघितला नाही. शेवटी सोनेरी कडांचं सर्टिफिकेट मिळालं, त्यावर तीन शिक्के आणि दोन लोगो.

मग एका महापालिकेची भरती निघाली. कुठली ते सोडा. मैदानी मी मारली, लेखीत बरे मार्क पडले, यादीत नाव आलं. घरात पेढे वाटून झाले. पडताळणीला टेबलापलीकडच्या साहेबांनी फाईल चाळली, परत पहिल्यापासून चाळली आणि विचारलं, ‘राज्य केंद्राचं कुठाय?’ मी म्हटलं, हेच आहे सर. ते म्हणाले, ‘बाळा, जाहिरात वाचलीस का?’

नव्हती वाचली. म्हणजे जागा, पगार, शेवटची तारीख वाचली होती. पात्रतेच्या रकान्यात लिहिलेलं होतं की महाराष्ट्र शासनाच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा, मुंबईचा, सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम उत्तीर्ण पाहिजे. माझा डिप्लोमा बारा महिन्यांचा होता, म्हणून मला वाटलं हा मोठा, तो लहान, चालेल. मोठा-लहान असला हिशेब तिथं नसतो.

आता हे जरा फोड करून सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. बहुतेक महापालिका-नगरपालिकांच्या जाहिरातीत हीच अट असते. फायरमनला तो सहा महिन्यांचा कोर्स. अधिकारी व्हायचं असेल तर राज्य केंद्राचाच एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी कोर्स, नाहीतर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा. नागपूरचं हे महाविद्यालय १९५६ सालचं, केंद्रीय गृह मंत्रालयाचं. त्यामुळं आता गल्लीबोळात ‘नॅशनल’ आणि ‘नागपूर’ हे दोन शब्द जोडून नावं ठेवलेल्या संस्था दिसतात. नावात नॅशनल असलं म्हणून संस्था राष्ट्रीय होत नाही. तसं असतं तर आमच्या कोपऱ्यावरचं नॅशनल सायकल मार्ट दिल्लीत असतं.

बोर्डावरचे शब्दही नीट बघा. ‘नोंदणीकृत’ म्हणजे मान्यताप्राप्त नव्हे. कुठलीही संस्था सोसायटी म्हणून, ट्रस्ट म्हणून, उद्योग म्हणून नोंदवता येते. त्या नोंदणीचा आणि तुमच्या भरतीचा काडीचा संबंध नाही. ‘आयएसओ प्रमाणित’ म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या कारभाराला कुणीतरी कागद दिलाय, तुमच्या कोर्सला नाही. ‘शासकीय भरतीस पात्र’ असं कुणी म्हणालं तर लगेच म्हणा, एक जाहिरात दाखवा ज्यात या कोर्सचं नाव छापलंय. दाखवली तर फी भरा. मी हा प्रश्न विचारला असता तर साठ हजार आणि एक वर्ष वाचलं असतं.

बरं, ‘सरकारी नाही तर कंपनीत सेफ्टी ऑफिसर’ हे दुसरं गाजर. कारखान्यात कायद्यानं जो सेफ्टी ऑफिसर लागतो त्याला तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा मागतात. तोही हा नव्हे. आमच्या बॅचची चार पोरं गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लागली. हातात शिट्टी आणि रजिस्टर, पगार सिक्युरिटी गार्डचा.

खरा फटका पुढं आहे. राज्य केंद्राच्या कोर्सला प्रवेशासाठी वयाची अट भरतीपेक्षा कडक असते. भरतीला तुम्ही बसू शकता अशा वयात कोर्सचं दार बंद झालेलं असतं. भलत्या डिप्लोमात घालवलेलं वर्ष नेमकं तिथं नडतं. माझ्याबरोबरचा एक पोरगा मैदानीत माझ्यापेक्षा सरस होता. तालमीत वाढलेला, दोरावर माकडासारखा चढायचा. त्याचं वय निघून गेलं. तो आता टेम्पो चालवतो आणि माझ्याशी नीट बोलत नाही.

तर ज्यांनी फी आधीच भरलीय त्यांनी आत्ता लगेच डोक्याला हात लावू नका. वय बसत असेल तर काहीच बुडालेलं नाही. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाची प्रवेशाची सूचना निघते तिच्यावर नजर ठेवा. १६५ सेंमी उंची, ५० किलो वजन, छाती ८१ आणि फुगवून ८६, एवढं शरीर आणि दहावीचे बरे मार्क असतील तर तयारीला लागा. मी पण तसाच परत रांगेत उभा राहिलो आणि २०२३ मध्ये कोर्स झाला. मुंबई महापालिकेच्या अग्निशमन दलाचं गणित वेगळं, तिथल्या २०२३ च्या भरतीत १७२ सेंमी उंची आणि १९ फुटांवरून उडी होती. जमत असेल त्यानं जरूर जावं.

आणखी एक. ‘आपदा मित्र’ या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेचं बारा दिवसांचं प्रशिक्षण चांगलं आहे, करा. पुरात दोर कसा धरायचा एवढं कळलं तरी मनगट वाचतं. पण ते सर्टिफिकेट फायरमनच्या कोर्सच्या जागी लावू नका. मागच्या वर्षी एकानं लावलं होतं.

कोर्समध्ये काय असतं? ड्रिल, ड्रिल आणि ड्रिल. होज म्हणजे पाण्याची लांब नळी गुंडाळायची, उलगडायची, परत गुंडाळायची. शिडी, पंप, गाठी. पहिल्या पंधरा दिवसांत सोडून जावंसं वाटतं, नंतर वाटत नाही. ‘१५ दिवसांत मैदानी पास’वाल्या अकॅडम्या यातलं काही देत नाहीत. त्या तुम्हाला फक्त थकवतात.

बीए सेटबद्दल, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर हवेचा सिलिंडर असतो त्याबद्दल, मात्र थांबून सांगतो. पुस्तकात लिहिलेलं असतं: सहा लिटरचा सिलिंडर, ३०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला की साधारण १८०० लिटर हवा, मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. हे गणित पाठ करून मी धुराच्या खोलीत गेलो आणि बाविसाव्या मिनिटाला सेटची हवा संपत आल्याची शिट्टी वाजली. शिट्टी साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे आता बाहेर पळायचं. घाबरलेला, वजन उचललेला माणूस मिनिटाला ४० लिटरवर थांबत नाही, ६०-७० सहज ओढतो. पंचेचाळीस हा आकडा डोक्यातनं काढून टाका. दाब दाखवणारं गेज बघायची सवय लावा. आत जायला जेवढी हवा लागली तेवढी बाहेर यायलाही लागते.

हे मला शिकवलं ते कुठल्या साहेबानं नाही. स्टेशनवर एक जुने ड्रायव्हर-ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. बॅनरवर फोटो असलेले मार्गदर्शक मी पाच बघितले, त्यांतल्या एकालाही पंपाचा आवाज ऐकून पाणी कमी पडतंय हे ओळखता आलं नसतं. मामांना यायचं. नवीन स्टेशनला गेलात की आधी असा माणूस हुडका, त्याला चहा पाजा.

आता माणसांचं आणि वेळेचं. मुलाखतीत विचारतात म्हणून नाही, तर तुमच्याच जिवाचा प्रश्न आहे म्हणून. आपल्याकडं अग्निशमन सल्लागार समितीचा निकष आहे: शहरात बंब पाच ते सात मिनिटांत पोचावा, ग्रामीण भागात वीस. तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर ५० हजारांमागं एक गाडी, पुढं दर लाखाला एक. कोल्हापूर शहराची २०११ ची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ गाड्या. हा हिशेब आपापल्या गावाचा करून बघा. अमेरिकेतल्या एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) या संस्थेचा पगारी दलांसाठीचा मानदंड, एनएफपीए १७१०, सांगतो की आगीची वर्दी आल्यापासून ८० सेकंदांत गाडी हलावी, पुढच्या चार मिनिटांत पहिली गाडी पोचावी आणि गाडीवर किमान चार माणसं असावीत. चारच का? २०१० मध्ये तिथल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनं घर पेटवून मोजलं. चौघांची टीम दोघांपेक्षा तीस टक्के लवकर काम उरकते.

मी जिथं आहे तिथं रात्री कधीकधी ड्रायव्हर धरून तिघं असतो. एक पंपावर, एक ब्रँच म्हणजे होजचं तोंड धरून, एक होज ओढायला. मग आत कोण जाणार? कुणीच नाही. आत माणूस असेल तर? हा प्रश्न पहिल्या रात्री मी विचारला तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही. कागदावर चार आणि गाडीवर तीन, हे तुम्ही बदलू शकत नाही. पण ‘मी एकटा आत जाऊन येतो’ असं म्हणू नका. हिरोगिरी करणाऱ्यांचे फोटो १४ एप्रिलला हार घालायला लागतात. १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकवर फोर्ट स्टायकिन जहाज फुटलं, त्यात ६६ जवान गेले, म्हणून तो दिवस पाळतात.

अमेरिकेत स्वयंसेवी दलांना वेगळा मानदंड आहे, एनएफपीए १७२०. खेड्यात सहा माणसं चौदा मिनिटांत, दहापैकी आठ वर्द्यांना. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो, कारण लोक घरातनं, शेतातनं येणार हे त्यात धरलंय. आपल्या खेड्यात स्वयंसेवक आहेत, फक्त त्यांना कुणी मोजत नाही. जानेवारीत लोंबकळणाऱ्या तारा घासून उसाचा फड पेटला की कारखान्याचा बंब येईपर्यंत गावच हिरव्या फांद्या घेऊन झोडपतं, बाजूचा पट्टा तोडून आग अडवतं. ते काम चांगलं करतात. मात्र हीच मंडळी शिरोलीच्या फाउंड्रीत पाण्याची बादली घेऊन धावली तर मरतील. वितळलेल्या धातूवर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. कुठं पाणी मारायचं नाही हे आधी शिका.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी सुट्टीवर होतो. खासबागेकडं पळत गेलो. १९१५ चं ते नाट्यगृह, आत लाकूड, पडदे, खुर्च्या. ड्युटीवर नव्हतो, अंगावर फायरमनचा सूट नव्हता. कोर्स झालेला, हात शिवशिवत होते. तरी आत घुसलो नाही. आम्ही पाच-सहा जणांनी हातात हात धरून टँकरना वाट मोकळी करून दिली, एवढंच केलं. गर्दीतले लोक रडत होते, आणि तेच लोक मोबाईल वर धरून गाडीच्या वाटेत उभे होते. एक म्हातारे कलाकार मला म्हणाले, ‘तू फायरमन ना, मग इथं काय करतोस?’ मी म्हटलं, काका, बाजूला व्हा.

तयारीला लागलेल्यांसाठी एवढंच. मेसेज जरूर करा, राग मानू नका, मी तुटक बोलतो पण उत्तर देतो. फक्त जाहिरातीची पीडीएफ मला पाठवण्याआधी पात्रतेचा रकाना स्वतः मोठ्यानं वाचा, आणि त्यातलं केंद्राचं नाव तुमच्या सर्टिफिकेटवर आहे का ते बोट ठेवून बघा.