राष्ट्रनेत्याविरुद्धच्या कटावर ऐतिहासिक थरारकादंबरी लिहिताना या चुका टाळा

राष्ट्रनेत्याच्या जिवावर उठलेल्या कटाची कादंबरी लिहायला घेतली की पहिली अडचण अशी येते की शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स द गॉल १९६२ च्या गोळीबारातून वाचले आणि १९७० मध्ये आपल्या घरी वारले. अ‍ॅडॉल्फ हिटलर २० जुलै १९४४ च्या स्फोटातून बचावला. अब्राहम लिंकन आणि महात्मा गांधी वाचले नाहीत. या प्रकारच्या लेखनातल्या बहुतेक चुकांचे मूळ माझ्या मते एकच आहे: लेखकाला आज जे माहीत आहे ते तो नकळत त्या काळातल्या पात्रांच्या डोक्यात घालतो, आणि मग पात्रे भविष्य ठाऊक असल्यासारखी वागू लागतात.

सगळा भार ‘नेता मरेल का?’ या एकाच प्रश्नावर टाकणे

मधली शंभर पाने वाचताना ताण सैल पडतो आणि वाचक पुढची प्रकरणे चाळू लागतो, हे या चुकीचे लक्षण आहे. त्यावर पाठलाग वाढवणे किंवा मृतदेह वाढवणे हा उपाय नव्हे. ज्यांचे पुढे काय झाले हे इतिहासाने नोंदवलेले नाही, अशी माणसे कथानकाच्या मध्यभागी आणावीत. कटवाल्यांना घर भाड्याने देणारी बाई, बनावट कागदपत्रे तयार करणारा कारागीर, तपासावरचा दुय्यम अधिकारी किंवा कट माहीत असूनही गप्प बसलेला भाऊ यांच्या नशिबाबद्दल वाचक पूर्ण अंधारात असतो. नेता वाचणार हे ठाऊक असले, तरी त्याच्या वाचण्याची किंमत कोण मोजणार हे ठाऊक नसते, आणि कादंबरीचा ताण त्या प्रश्नावर उभा राहू शकतो.

कट बिनचूक आखणे

हस्तलिखितात सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे. थंड डोक्याचा सूत्रधार, घड्याळाप्रमाणे चालणारी टोळी आणि शेवटच्या क्षणी कोठूनतरी आलेला अपघात, असा साचा वाचकाला चटकन ओळखू येतो. प्रत्यक्षातले कट पहिल्या दिवसापासून तडजोडींनी भरलेले असतात.

२० जुलै १९४४ चा दिवस पाहा. हिटलरविरुद्धच्या कटातला जर्मन सैन्याधिकारी क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग याने १९४३ मध्ये ट्युनिशियाच्या आघाडीवर उजवा हात, डावा डोळा आणि डाव्या हाताची दोन बोटे गमावली होती, आणि उरलेल्या तीन बोटांनी स्फोटकाचा वेळदर्शक फ्यूज चालू करणे त्याच्या वाट्याला आले होते. पूर्व प्रशियातल्या रास्टेनबुर्गजवळच्या हिटलरच्या मुख्यालयात मुसोलिनी येणार असल्यामुळे बैठक अलीकडे ओढली गेली. घाईत मध्येच कोणी दाराशी आल्यामुळे दोन स्फोटकांपैकी एकच तयार होऊ शकले, आणि दुसरे बॅगेत ठेवलेच गेले नाही. बैठक काँक्रीटच्या बंकरऐवजी खिडक्या उघड्या असलेल्या लाकडी दालनात झाली, त्यामुळे स्फोटाचा दाब बाहेर निघून गेला. त्यातच ठेवलेली बॅग अडथळा होते म्हणून एका अधिकाऱ्याने ती टेबलाच्या जाड लाकडी आधारापलीकडे सरकवली. १२ वाजून ४२ मिनिटांनी स्फोट झाला, चार जण दगावले आणि हिटलर जिवंत राहिला.

यात योगायोग अनेक आहेत, पण कादंबरीत ते ऐन वेळी टपकले तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. म्हणून जो योगायोग पुढे निर्णायक ठरणार आहे, त्याचे बीज बऱ्याच आधी आणि दुसऱ्याच कारणाने पेरावे. उकाड्याचा त्रास तीन प्रकरणे आधी एखाद्या पहारेकऱ्याच्या तोंडी यावा. त्या टेबलाचा आधार आधीच्या बैठकीत कोणाच्या तरी गुडघ्याला लागावा. तीनच बोटे उरलेला हात सदऱ्याच्या गुंडीशी झगडताना दिसावा. असे केले की योगायोग जगाच्या स्वभावातून आलेला वाटतो. शिवाय, योगायोगाने कटवाल्यांचे काम बिघडलेले वाचक मान्य करतो, पण योगायोगाने त्यांचे काम सोपे झालेले तो सहसा मान्य करत नाही.

हिटलरला एकट्याने मारू पाहणारा जर्मन सुतार गेओर्ग एल्झर याचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या सभागृहाच्या खांबात त्याने एकट्याने, रात्रीमागून रात्र लपून पोकळी कोरली आणि त्यात बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी रात्री ९ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला, पण हिटलर त्याआधी १३ मिनिटे निघून गेला होता. धुक्यामुळे विमान टाळून त्याला रेल्वेने परतायचे होते. एल्झरच्या योजनेत तांत्रिक दोष नव्हता. एकाकी कटवाल्याची कथा लिहिणाऱ्याने त्याचे कष्ट दाखवायला हवेत: दुखणारे गुडघे, मलबा पिशवीत भरून बाहेर नेण्याची खटपट, रात्री कोणी आले तर श्वास रोखून बसणे. अनेक लेखक हे सगळे ‘त्याने बॉम्ब बसवला’ या एका वाक्यात गुंडाळतात आणि आपल्या हातातला सर्वांत मोठा ऐवज टाकून देतात.

हल्ल्यानंतर काय, याचा विचारच न करणे

सत्तेविरुद्धच्या कटात हत्या ही अर्धीच योजना असते. श्टाउफेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांना राखीव सैन्याच्या ‘वाल्क्यूरे’ या आणीबाणीच्या योजनेआडून बर्लिन ताब्यात घ्यायचे होते, पण हुकूम सुटेपर्यंत दुपारचे चार वाजत आले आणि संपर्कयंत्रणा पूर्ण बंद पडली नाही. मेजर ओटो एर्न्स्ट रेमर कटवाल्यांच्या हुकुमावरून हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला ताब्यात घ्यायला गेला, तेव्हा गोबेल्सने फोनवर त्याला थेट हिटलरचा आवाज ऐकवला आणि रेमर कटाच्या विरोधात फिरला. लिंकनच्या बाबतीतही १४ एप्रिल १८६५ च्या रात्री उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड यांना मारण्याचे ठरले होते. सुअर्ड जबर जखमी झाले, तर जॉन्सन यांच्यावर ज्याला पाठवायचे होते त्याचे धैर्यच खचले. ज्याचे धैर्य खचले त्या माणसाची ती संध्याकाळ लिहिता आली, तर कादंबरीला असे एक प्रकरण मिळेल जे बंदुकीच्या आवाजापेक्षा जास्त काळ लक्षात राहील.

तपास यंत्रणा मूर्ख किंवा सर्वज्ञ दाखवणे

पोलीस सगळेच मठ्ठ असतील तर कट यशस्वी होण्यात नवल राहत नाही, आणि सगळेच तल्लख असतील तर तो अशक्य ठरतो. खरे अपयश बहुधा माहिती पोहोचण्यात असते. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला हाऊसमध्ये प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला, मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, त्याने काही सांगितलेही. तरी दहा दिवसांनी त्याच जागी गांधीजींची हत्या झाली. दिल्ली आणि मुंबई पोलिसांमध्ये माहितीची देवाणघेवाण कशी अपुरी पडली, याची चिकित्सा पुढे या हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने केली. असा विषय हाताळताना ‘आतलाच कोणी फितूर होता’ असा सोपा तुकडा जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण कामात बुडालेला आणि समोरच्या कागदाचे महत्त्व न ओळखलेला प्रामाणिक अधिकारी हे त्याहून अस्वस्थ करणारे पात्र आहे. यावर व्यवहार्य उपाय असा की प्रत्येक बातमीचा प्रवास कागदावर मांडावा: कोणाला कळले, त्याने कोणाला सांगितले, ट्रंक कॉल लागला की माणूस पाठवावा लागला, आणि त्यात किती तास गेले. बहुतेक कथानकांतली भोके हा तक्ता मांडताच उघडी पडतात.

नेत्याला केवळ लक्ष्य बनवणे

नेता पानावर फक्त गाडीतून उतरण्यापुरता येत असेल, तर त्याच्या जिवाचे वाचकाला काही वाटत नाही. कट बहुधा नेत्याच्या सवयी आणि स्वभाव यांच्यावरच रचला जातो. हिटलर दरवर्षी ८ नोव्हेंबरला त्याच सभागृहात बोलत असे, म्हणून एल्झरला तयारी करता आली. गांधीजींनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही. ज्या गुणामुळे नेता मोठा ठरला त्याच गुणामुळे तो असुरक्षित होतो, हे दाखवता आले तर नेत्याची आणि कटाची अशा दोन्ही कथा एकमेकींत गुंफल्या जातात.

काळाचे तपशील

येथे थोडक्यात सांगितले तरी चालेल. २० जुलै १९४४ ला गुरुवार होता आणि ३० जानेवारी १९४८ ला शुक्रवार. वाराची चूक जाणकार वाचक लगेच पकडतो. जर्मन ताब्यातल्या पॅरिसची घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावलेली होती. फ्रान्समध्ये १९६० पासून नवा फ्रँक चालू झाला, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुने आकडेच शोभतात. श्टाउफेनबर्गच्या फ्यूजमध्ये आम्ल तार कुरतडत असे, त्यामुळे तेथे टिकटिक ऐकू येणे शक्य नाही. सूर्यास्ताची वेळ तर आवर्जून तपासावी: २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळच्या पेटी-क्लामार येथे द गॉल यांची गाडी येईपर्यंत उजेड मावळत आला होता आणि कटाचा सूत्रधार झां बास्तियाँ-तिरी याने वर्तमानपत्र हलवून केलेली खूण बंदूकधाऱ्यांना वेळेवर नीट दिसली नाही. गोळ्यांनी टायर फुटले, पण चालकाने गाडी थांबू दिली नाही.

मात्र जमवलेला प्रत्येक तपशील छापायचाच, हा हट्ट नको. ज्या तपशिलामुळे पात्राला निर्णय घ्यावा लागतो तो ठेवावा आणि उरलेला वहीतच राहू द्यावा.

खऱ्या माणसांवर खोटा गुन्हा लादणे

काल्पनिक कटात एखाद्या खऱ्या मंत्र्याला किंवा अधिकाऱ्याला सामील दाखवले की कथानक चमकदार होते, पण ज्यावर कोणताही पुरावा नाही असा आरोप त्या माणसाच्या नावाला कायमचा चिकटू शकतो, आणि त्याचे वंशज आज हयात असू शकतात. अशा ठिकाणी काल्पनिक पद आणि काल्पनिक नाव वापरावे. पुस्तकाच्या शेवटी लेखकाचे टिपण द्यावे आणि त्यात कोणती पात्रे घडवलेली आहेत, कोणते प्रसंग एकत्र केले आहेत आणि कोणती तारीख सरकवली आहे, हे स्पष्ट लिहावे. हे टिपण पहिला खर्डा लिहितानाच समांतर लिहीत राहावे. शेवटी आठवून लिहायला बसले की कोणते वाक्य दस्तऐवजातले आणि कोणते स्वतःचे, हे लेखकालाच सांगता येत नाही.