अर्थक्वेक इंजिनीअरिंग किंवा इंजिनीअरिंग जिऑलॉजीला जाताय? मग या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ही दोन्ही एकच लाईन आहे असं समजून फॉर्म भरणं. अर्थक्वेक इंजिनीअरिंग मुळात सिव्हिलवाल्यांचं, बिल्डिंग, पूल, धरण हादऱ्यात कसं वागेल ते बघायचं, त्यासाठी गेट या एम.टेक. प्रवेश परीक्षेचा सिव्हिल पेपर आणि मग आयआयटी रुरकीसारखं ठिकाण, तिथे याचं वेगळं डिपार्टमेंटच आहे, १९६० साली सुरू झालेलं. इंजिनीअरिंग जिऑलॉजीवाला बघतो तो खालचा खडक, त्याला बी.एस्सी. जिऑलॉजी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. हा सरळ रस्ता. आणि एम.टेक. अर्थक्वेक करून जीएसआयला, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, जिऑलॉजिस्ट होऊ असं कोणी सांगत असेल तर आधी यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची जाहिरात उघडा, तिथे कोणती मास्टर्स चालते त्याची यादीच दिलेली असते आणि ती जिऑलॉजीच्या अंगाची आहे.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरचं वेड. ईटॅब्सचा, म्हणजे बिल्डिंग डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावला की झालं असं वाटतं, मग इंटरव्ह्यूत विचारतात की रिस्पॉन्स रिडक्शन फॅक्टर, म्हणजे डिझाइनमध्ये भूकंपाचं बळ किती पटीने कमी धरायचं तो आकडा, ५ का घेतला आणि पोरगं गप्प. अरे तो ५ फुकट मिळत नाही, आयएस १३९२० या कोडप्रमाणे डक्टाइल डिटेलिंग, म्हणजे बिल्डिंग एकदम न तुटता वाकेल अशी सळ्यांची बांधणी, केली तरच मिळतो, त्यात कॉलमच्या रिंगचा हूक १३५ अंशात आत वळवलेला लागतो. घराजवळच्या कुठल्याही साईटवर स्लॅबच्या आधी जाऊन बघा, हूक ९० अंशात वाकवून सोडलेले दिसले तर समजा की ५ फक्त कागदावर आहे. हे एकदा डोळ्याने बघितलं की पुढचे लेक्चर आपोआप कळतात.

जिऑलॉजीवाल्यांची चूक कोअर बॉक्सपाशी होते, म्हणजे ड्रिलिंग करून काढलेले खडकाचे लांबट नमुने (कोअर) ठेवतात त्या पेटीपाशी. आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी, काढताना १० सेंमी आणि त्याहून लांब तुकडेच धरायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण ड्रिलिंग करताना किंवा बॉक्समध्ये भरताना तुटलेला कोअर पण जॉइंट, म्हणजे खडकातला मूळचा सांधा, म्हणून मोजतात आणि चांगला खडक उगाच खराब ठरतो. ताजी तुटलेली बाजू स्वच्छ, खरखरीत असते, जुन्या सांध्यावर डाग किंवा मातीचा थर असतो, एवढं बघा. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये उलटंही होतं बरं का, अॅमिग्डलॉइडलचा, म्हणजे खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांच्या बेसाल्टचा, कोअर हातभर लांब निघतो, आरक्यूडी ९० च्या पुढे, सगळे खूश, आणि त्यातले काही प्रकार उघड्यावर पडले की भुगा व्हायला लागतात. म्हणून लॉगिंग, म्हणजे कोअरची नोंद, ड्रिलिंगच्या रिगवरच करा आणि बॉक्स काही आठवड्यांनी परत उघडा. लाव्हाच्या दोन थरांच्या (फ्लोच्या) मधला लाल बोल, म्हणजे लाल मातकट थर, तर सोडूच नका, बोगद्यात तोच छळतो.

नोकरीबद्दल एकच, बोगद्यावर प्रत्येक ब्लास्टनंतर फेस मॅपिंग, म्हणजे समोर उघड्या पडलेल्या खडकाची नोंद, असतं, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. ऑफिसची खुर्ची पाहिजे असेल तर आधीच विचार करा.

थीसिसचा विषय शोधायला लांब कशाला जाताय? १९६७ चं कोयना आहे, ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी आहे. किल्लारी तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं आणि माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली. खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) आहे, कराडला कोयनेच्या बोअरहोलची लॅब आहे, गाईडमार्फत रीतसर पत्र पाठवा.

आणि चुकीच्या बाजूला आधीच अडकला असाल तर डिग्री सोडू नका. जिऑलॉजी करून भूकंपात यायचं असेल तर मायक्रोझोनेशन (शहराच्या कुठल्या भागात हादरा किती बसेल त्याचे नकाशे) आणि शिअर वेव्ह व्हेलॉसिटीचं (जमिनीतून शिअर प्रकारच्या लाटा किती वेगाने जातात ते मोजायचं) काम धरा, सिव्हिलवाल्याला खडक आवडला तर जिओटेकमधून (माती-खडक आणि पायाचं इंजिनीअरिंग) रॉक मेकॅनिक्सकडे सरकता येतं.